पावती न घेण्याचं कारण

पोर्तो आलेग्री, ३ जुलै

दोर्वालिना आत्या,

अंडी फोडत असशील तर आधी हात धू, स्टूल ओढ आणि बस. हे उभ्याने वाचायचं पत्र नाही.

तुझा कर माफ होऊ शकतो. अर्धा नाही, हप्त्याने नाही, सगळाच्या सगळा.

आज सकाळी ऑफिसात आमच्या कर-सल्लागार वाल्मोर साहेबांनी सरकारी राजपत्र माझ्या टेबलावर आपटलं आणि म्हणाले, "जुसारा, तुझ्या त्या पेलोतासच्या आत्यासाठी कुणीतरी कायदा केलाय." मी तीनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचताना माझी कॉफी कुणाच्या तरी फायलीवर सांडली आणि साहेबांनी चक्क स्वतःच्या रुमालाने ती पुसली, यावरून ओळख.

तुला माहीतच आहे की, राहतं घर विकून एकशे ऐंशी दिवसांत दुसरं घेतलं तर विक्रीच्या नफ्यावर कर लागत नाही. याच भरवशावर तू चर्चमागचं घर विकलंस आणि लारांजालला तळ्याकाठी फ्लॅट घ्यायला निघालीस. पैसे दिलेस, आणि मग कळलं की तिथे इमारत नाही, पाया नाही, नुसती बगळे बसणारी दलदल आहे. तोवर दिवस उलटून गेले. कर खात्याच्या हिशोबी तू घर विकलंस, नफा कमावलास आणि मजेत बसलीस. जे पैसे चोराने नेले त्यांवर तुला सत्तर हजार रेआइस कर, आणि तो भरला नाहीस म्हणून तुझ्या भटारखान्यावर जप्तीची नोटीस. दुष्काळात तेरावा महिना.

आता नवा कायदा म्हणतो की घर विकून आलेले पैसे ज्याचे फसवणुकीत गेले, त्याच्याकडून हा कर घ्यायचा नाही. वर ते एकशे ऐंशी दिवसही पुन्हा नव्याने मोजायचे. अट एकच आहे. २९ ऑगस्टपर्यंत अर्ज द्यायचा, आणि अर्जाला पोलीस तक्रार जोडायची. पैसे कुणी घेतले, कधी घेतले, कसे घेतले, सगळं नावानिशी.

तू आजवर मला "एक माणूस" एवढंच सांगितलं आहेस. मीही खोदून विचारलं नाही, कारण तुझा आवाज ऐकवत नव्हता. आता मात्र त्या माणसाचं नाव लागेल. फोन चालू असता तर ओरडूनच सांगितलं असतं. पण "तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतो, आधी आमची फी भरा" म्हणणाऱ्या सहा भामट्यांनी तुला फोन केले आणि तू फोनच पिठाच्या डब्यात टाकलास, तेव्हा आता पोस्टाची कृपा.

लगेच उत्तर दे. मला दम निघत नाहीये.

तुझी जुसारा

*

पेलोतास, ९ जुलै

जुसारा पोरी,

सांगितलंस तशी बसले. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग भटारखान्याच्या चारही भिंतींना हात लावून आले. वेडीच म्हणशील. पण नोटीस आल्यापासून मी या भिंतींकडे पाहुण्यासारखी बघत होते. बत्तीस वर्षं इथे नारळ किसला, अंड्यांचे बलक गाळले. नवरा गेला तेव्हा चौथ्या दिवशी मी इथेच येऊन उभी राहिले, कारण घरी रडायला फार जागा होती. हे वाचलं तर मला दुसरं काही नको. फ्लॅट नको, तळं नको, बगळेही नकोत. बहिणीच्या मागच्या खोलीत झोपायला मला बरं पडतं.

साहेबांना माझा नमस्कार सांग. त्यांना माझे नारळ-बलकाचे किंजीं आवडतात का? दोन डझन पाठवते. इथली हवा थंड आहे, वाटेत खराब होणार नाहीत.

आता त्या माणसाचं. अगं, तो कुठून तरी उरुग्वेच्या बाजूने आला होता. उंच होता, असं वाटतं. नाव आता नीट आठवत नाही. वय झालं माझं. तक्रार नावाशिवाय नाही का होत? तुझ्या साहेबांना विचार.

शिवाय मला सध्या श्वास घ्यायला फुरसत नाही. माझ्या लुसिएनीचं लग्न सहा सप्टेंबरला. चारशे बें-कासादो करायचे आहेत, दोन चकत्या, मध्ये आटवलं दूध, प्रत्येक जोडीला कागद आणि रिबीन. धर्मआईने स्वतःच्या हाताने नाही केले तर काय उपयोग? तिच्या बापाने, अद्रोआल्दोने, मोठा हॉल घेतला आहे, बागेतला. पोरगी रोज येऊन रिबिनीचा रंग बदलून जाते. काल फिकट हिरवा होता. तिला बघितलं की मला सव्वीस वर्षांपूर्वीचं ते पांढऱ्या दुपट्यातलं गाठोडं आठवतं. मी हातात धरलं होतं आणि डोक्यावर पाणी पडताच असं ओरडलं की पाद्री दचकले.

तू मात्र भारी काम केलंस. जीव भांड्यात पडला.

आत्या

*

पोर्तो आलेग्री, १५ जुलै

आत्या,

कुणाचं वय झालं? तुझं? पेलोतासमध्ये कोणाच्या बारशाला किती किंजीं गेले आणि कुणी किती बुडवले हे तुला १९९५ पासून तोंडपाठ आहे. आणि ज्या माणसाच्या हातात एका घराची किंमत ठेवलीस त्याचं नाव आठवत नाही? उंच होता "असं वाटतं"? आत्या, मी बाबांची मुलगी आहे, कालची नाही.

मी रात्रभर विचार केला आणि मला उलगडा झाला. रागावू नकोस. तुझं त्या उरुग्वेवाल्यावर मन बसलं होतं, हो ना? नऊ वर्षं एकटी राहिलीस, कुणी गोड बोललं, तळ्याकाठी दोघांनी बसू म्हणालं. यात लाजण्यासारखं काहीही नाही. आमच्या ऑफिसात अशा तीन फायली आहेत, त्यातले एक तर निवृत्त न्यायाधीश.

वाल्मोर साहेब किंजींचा डबा एकट्याने संपवून म्हणाले की नाव नसलं तरी तक्रार होते, पण मग पैसे गेले कसे ते दाखवावं लागतं. बँकेतून तू तीन वेळा रोख काढलीस, तो कागद आहे. पण काढून दिलीस कुणाला? एखादी पावती, चिठ्ठी, काहीतरी असेलच ना? कर खातं म्हणेल, पैसे काढून गादीखाली ठेवले नाहीत कशावरून.

तू एकटी पोलीस ठाण्यात जायला घाबरतेस हेही मला कळतं. त्याची सोय मी केली आहे. कालच अद्रोआल्दो काकांना पत्र टाकलं. सगळा कायदा समजावून सांगितला आणि म्हटलं, आत्याला हाताला धरून ठाण्यात घेऊन जा, तुमचं ती ऐकते. नवी पिकअप घेतली आहे ना त्यांनी, बाबा सांगत होते. तांदळाच्या दलालीत त्यांची शंभर माणसांशी ओळख, उरुग्वेवाल्याचा पत्ताही काढतील.

कशी आहे माझी युक्ती?

जुसारा

*

पेलोतास, २१ जुलै

जुसारा,

काय करून बसलीस.

उरुग्वेवाला कोणी नाही. कधीच नव्हता. माझे पैसे अद्रोआल्दोने घेतले.

लिहिलं एकदाचं. आता सगळंच लिहिते, नाहीतर तू आणखी कुणाला पत्र टाकशील.

गेल्या वर्षी मार्चमध्ये, रविवारी, त्याच्याच अंगणात मांस भाजत असताना तो मला म्हणाला की लारांजालला त्याच्या ओळखीचा एक जण इमारत बांधतोय, रोख दिले तर दुसऱ्या मजल्यावरचा कोपऱ्याचा फ्लॅट स्वस्तात मिळेल. मी तीन रविवारी तीन पुडकी नेऊन त्याच्या जेवणाच्या टेबलावर ठेवली. पावती मागितली नाही. कशी मागणार? ज्या दिवशी मी त्याची पोर बाप्तिस्म्याला धरली त्या दिवसापासून तो माझा कोम्पाद्रे. सख्ख्या भावाकडे पावती मागता येते, भाऊ निवडलेला नसतो. कोम्पाद्रे आपण देवासमोर निवडतो. त्याच्याकडे पावती मागणं म्हणजे त्या पाण्यात थुंकणं. तुमच्या शहरात हे कुणाला कळणार नाही.

दलदल बघून आल्यावर मी त्याला विचारलं. तो रडला. म्हणाला, धंद्यात खोट आली होती, थोडे वापरले, परत करतो. मग पिकअप आली. मग हॉल ठरला. मला सगळं दिसत होतं गं. माझ्या घराच्या विटा विकून माझ्याच धर्मलेकीच्या लग्नात फुलं लागणार, आणि त्या लग्नाची मिठाई मीच करणार. पण तिला यातलं काही माहीत नाही. ती मला रिबिनी दाखवते.

काल तो तुझं पत्र हातात घेऊन भटारखान्यात आला. घाबरलेला होता आणि गोड बोलत होता. अशा वेळी तो फार गोड बोलतो. म्हणाला, "कोमाद्रे, लग्न पार पडू दे, नाताळपर्यंत पै न् पै देतो. तोवर एवढ्यावर सही कर, म्हणजे कुणाला शंका नको." आणि स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद पुढे केला. खाली त्याची सही आधीच होती. त्यात लिहिलंय की मी, दोर्वालिना, माझ्या धर्मकन्येच्या लग्नासाठी पाच लाख वीस हजार रेआइस अद्रोआल्दोला राजीखुशीने भेट दिले आणि ते त्याला पोचले.

मी सही करणारच होते. खरं सांगते. पण हात कोपरापर्यंत बलकाने भरले होते. म्हटलं, ठेव तिथे. तो पेन घेऊन दहा मिनिटं उभा राहिला, मग गेला. उद्या परत येतो म्हणालाय.

काय करू ते सांग. नाही, सांगू नकोस. मला माहीत आहे तू काय सांगणार.

आत्या

*

पोर्तो आलेग्री, २४ जुलै (सकाळीच, जलद टपालाने)

आत्या,

सही करू नकोस. मरण आलं तरी सही करू नकोस. हे पत्र पोचायच्या आत केली असलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही, आणि मग लगेच बोलेन, कारण राहवणार नाही.

तू "भेट" म्हणून सही केलीस की तू फसलेली राहत नाहीस. दानशूर ठरतेस. दान देणाऱ्याला कसली करमाफी? सत्तर हजार भर, भटारखाना लिलावात दे, आणि चारशे जोड्या बांधून दे. चोर तो चोर, वर शिरजोर. अद्रोआल्दो काका म्हणे. त्यांना मी पत्रात "आपले प्रेमळ" लिहिलं होतं, ते शब्द जाऊन खोडून यावेसे वाटतायत.

आणि उरुग्वेवाल्याबद्दल जे लिहिलं ते विसर. मी गाढव आहे.

आता शांतपणे वाच. मला काल बसमध्ये हे सुचलं आणि मी दोन स्टॉप पुढे गेले. त्या कागदावर काय लिहिलंय? पाच लाख वीस हजार "पोचले". कुणी लिहिलं? त्याने. सही कुणाची? त्याची. तुझी सही नाही तोवर ते भेटपत्र नाही. मग काय आहे? आत्या, आपण जगभर पावती शोधतोय आणि तो मनुष्य स्वतःच्या अक्षरात ती तुझ्या टेबलावर ठेवून गेलाय. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

वाल्मोर साहेबांना सांगितलं तर ते खुर्चीतून उठलेच. मग बसले आणि म्हणाले की एकच भोक राहतं. काका म्हणणार, पैसे मिळाले, पण ते लेकीच्या लग्नाची भेट म्हणूनच मिळाले. तेव्हा तसं नव्हतं हे सांगणारं कुणीतरी हवं. त्या टेबलाशी आणखी कोण होतं?

कागद लपव. बहिणीकडे नको, तिथे तो येतो. आणि ठाण्यात जा. आजच जा. छत्तीस दिवस उरले आहेत. ज्या माणसाने तुझं घर खाल्लं त्याची अब्रू तू कशाला झाकतेस?

जुसारा

*

पेलोतास, ८ ऑगस्ट

जुसारा,

सही केली नाही. तो चारदा आला आणि चारही वेळा माझे हात भरलेले होते. पाचव्यांदा आला नाही. कागद साखरेच्या पोत्याखाली आहे.

पण मी ठाण्यात जाणार नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं तुझं पत्र आहे. अब्रू त्याची नाही झाकत मी. सहा सप्टेंबरला वधूच्या बापाला पोलीस न्यायला आले तर तोंड कुणाचं काळं होईल? नवऱ्या मुलाकडची माणसं बाजे गावची, मोठी देवभोळी. मोडतील लग्न.

टेबलाशी कोण होतं विचारतेस. कोमाद्रे, म्हणजे त्याची बायको, आत भात बघत होती. लुसिएनी कॉफी घेऊन आली होती. तिसरं पुडकं तिने स्वतः उचलून बाजूला ठेवलं, कप ठेवायला जागा हवी म्हणून. विचारलं, काय आहे गं धर्मआई, एवढं जड? मी म्हटलं, माझं नवं घर. ती हसली.

आता कळलं का मी का जात नाही? भटारखाना म्हणजे चार भिंती. मला मूल झालं नाही. ही एक आहे. लिलाव होऊ दे. मी दुसऱ्याच्या दुकानात नारळ किसेन.

परवा तिने लग्नाचा झगा घालून दाखवला. सुरेख दिसते.

आत्या

*

पोर्तो आलेग्री, १४ ऑगस्ट

आत्या,

चुकले. ओरडले, माफ कर. तुला मूल नाही आणि मला आई नाही, त्यामुळे मी जास्तच हक्काने ओरडते. "ही एक आहे" वाचून थोडं लागलंही, पण ते असू दे.

आता एकच विचारते आणि गप्प बसते. बापाने ठरवलं की तिला कळू द्यायचं नाही. तूही ठरवलंस की तिला कळू द्यायचं नाही. त्या कागदावर तर तिच्याच नावाने भेट लिहिली आहे. लुसिएनी सव्वीस वर्षांची आहे, शाळेत मुलांना गणित शिकवते. तिला कुणी विचारलं का?

जुसारा

*

पेलोतास, ३० ऑगस्ट

जुसारा,

झालं. अर्ज काल संध्याकाळी पाच वाजायला दहा मिनिटं असताना गेला, तुझ्या साहेबांच्या इथल्या मित्राने शिक्का मारून घेतला. मला अजून धाप लागलेली आहे. क्रमाने सांगते.

तुझं पत्र आल्यावर आठ दिवस मी तुझ्यावर चिडून होते. मग मंगळवारी लुसिएनी आली, पहिल्या शंभर जोड्या बघायला. मी दूध आटवत होते. पळी न थांबवता सगळं सांगितलं, कारण पळी थांबली असती तर मीही थांबले असते. कागद तिच्यापुढे ठेवला. तिने तो वाचला, गणिताची वही तपासतात तसा, बोट फिरवत. तिचं नाव आलं तिथे बोट थांबलं.

मला वाटलं रडेल, किंवा बापाची बाजू घेईल. ती माझ्यावर भडकली. म्हणाली, "वर्षभर मी तुझ्या घराची फुलं निवडत होते आणि तू बघत होतीस. मी रंग बदलायचे आणि तू म्हणायचीस छान आहे. त्याने मला फसवलं हे समजू शकते, तो तसाच आहे. तू का फसवलंस?"

मी म्हटलं, तुझ्यासाठी. ती म्हणाली, तोही हेच म्हणेल. आणि पिशवी तिथेच टाकून निघून गेली.

बुधवार गेला. गुरुवार गेला. कुणी आलं नाही. मी जोड्या करत राहिले, दुसरं काय येतं मला. गुरुवारी तीनशे जोड्या पूर्ण झाल्या तेव्हा मला एकदम कळलं की मी दोन्ही घालवून बसले आहे. पोरगी सत्य लपवल्यामुळे गेली, आणि भटारखाना सत्य न सांगितल्यामुळे जाणार. मग लपवायचं कुणासाठी? शुक्रवारी दुपारी एप्रनवरच शाल घेतली आणि ठाण्यात गेले.

लेखनिक तुझ्या वयाचा, सर्दी झालेला. भराभर टंकत होता. नाव, पत्ता, रक्कम, तारखा. मग विचारलं, आरोपीशी नातं? मी म्हटलं, कोम्पाद्रे. त्याने टंकलं, "नातं नाही." मला उलटं वाचता येतं पोरी, बत्तीस वर्षं गिऱ्हाइकांच्या याद्या काउंटरच्या पलीकडून वाचल्या आहेत. म्हटलं, खोडा ते. तो म्हणाला, "आजी, यात नवरा, भाऊ, मुलगा एवढेच येतात. कोम्पाद्रेला रकाना नाही. आणि नातं नाही असंच असलेलं तुमच्या केसला बरं."

मी म्हटलं, "नातं आहे. नसतं तर मी पावती घेतली असती. तुम्ही नातं नाही लिहिलंत तर मी निव्वळ मूर्ख ठरते, आणि तो निव्वळ चोर. तो त्याहून वाईट आहे."

मागे रांगेत पाच-सहा माणसं होती. त्या पोराने नाक पुसलं, ओळ खोडली आणि लिहिलं, कोम्पाद्रे. खाली मी सांगितलं तसं पावती न घेण्याचं कारणही लिहिलं. मग पळत कर खात्याच्या कचेरीत. या वयात पळत.

मला फार हलकं वाटतंय आणि फार वाईटही वाटतंय. चारशे जोड्या तयार आहेत. कुणाकडे पाठवू ते माहीत नाही.

आत्या

*

पेलोतास, ८ सप्टेंबर

जुसारा,

शनिवारी मी हॉलवरून चालत गेले. फाटक बंद होतं. लग्न मोडलं की पुढे ढकललं, कुणी मला सांगत नाही. कोमाद्रे समोरून आली आणि रस्ता ओलांडून गेली. लुसिएनीचा पत्ता नाही. मीही गेले नाही तिच्याकडे. कुठल्या तोंडाने जाऊ?

जोड्या वृद्धाश्रमात दिल्या. तिथल्या एका आजोबांनी विचारलं, लग्न कुणाचं. मी म्हटलं, माझ्या मुलीचं.

आत्या

*

पोर्तो आलेग्री, २१ नोव्हेंबर

आत्या,

बस. पुन्हा बस.

हुकूम आला. माझ्या हातात आहे, साहेबांनी मलाच फोडायला दिला. कर माफ. पूर्ण माफ. जप्ती रद्द. भटारखाना तुझा आहे, काल होता तसा आणि उद्याही. आणि आजपासून एकशे ऐंशी दिवस तुला घर घ्यायला दिले आहेत. साहेब म्हणाले, सरकारने दिवस परत दिले, पैसे द्यायला विसरलं. त्या पैशांचा खटला चालेल, पिकअप जप्त झालीच आहे, बघू. ऑफिसात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी टेबलाखाली जाऊन रडले आणि वर आले.

त्यातली एक ओळ तुझ्यासाठी जशीच्या तशी उतरवते. "तक्रारदाराने पावती न घेण्याचे कारण: नाते. कारण मान्य." सही, शिक्का. एवढी वर्षं या खात्याची कागदपत्रं वाचतेय, असं वाक्य बघितलं नव्हतं.

पण मी पत्र एवढ्यासाठी लिहीत नाही. हुकमात लिहिलंय की भेटीचा दावा दुसऱ्या एका जबाबामुळे फेटाळला. कुणाचा जबाब ते मला कळेना, म्हणून साहेबांनी पूर्ण फाईल मागवली. ती आज आली.

जबाब ३ सप्टेंबरचा आहे, तू ठाण्यात गेलीस त्यानंतर पाच दिवसांनी. लुसिएनी एकटीच गेली होती. तिने सांगितलंय की तिसरं पुडकं तिने स्वतःच्या हातांनी उचललं, आत काय आहे ते विचारलं, आणि उत्तर मिळालं, माझं नवं घर. लग्नाची भेट नव्हे. अशी भेट तिने कधी मागितली नाही, तिला मिळाली नाही, आणि हॉल तिने स्वतः रद्द केला आहे. हे सगळं बापाविरुद्ध, लग्नाला तीन दिवस असताना. मग खाली ते नात्याचे रकाने आहेत. लेखनिक बहुतेक तोच, सर्दीवाला.

आरोपीशी नातं: मुलगी.

तक्रारदाराशी नातं: मुलगी.

आणि समासात बारीक अक्षरात त्याची टीप: "दोन्ही रकाने जबाब देणारीने सांगितल्याप्रमाणे भरले. बदल करण्यास नकार."

आत्या, अडीच महिने झाले. तू म्हणतेस, कुठल्या तोंडाने जाऊ, आणि ती अकरा गल्ल्या पलीकडे बहुधा हेच म्हणत बसली आहे. या पत्राला उत्तर लिहू नकोस. शाल घे आणि जा.

जुसारा